आईच्या मणक्याचं ऑपरेशन रोबोटने करावं का?

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे: "आईचं वय ६१. कमरेतला चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय. दहा मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्यांत गोळे येतात, बसावंच लागतं. आठ महिने गोळ्या, फिजिओ, पट्टा, मणक्यातलं एक इंजेक्शन, सगळं झालं. नाशिकच्या डॉक्टरांनी स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायला सांगितलंय. ते नेहमीच्या सी-आर्मवर ऑपरेशन करतात. मुंबईच्या एका हॉस्पिटलात म्हणाले, आमच्याकडे रोबोट आहे, त्यात चूक होतच नाही. खर्च मात्र बराच जास्त. रोबोट खरंच एवढा सुरक्षित असतो का? मध्येच बिघडला तर? आणि आईला कसारा घाट उतरून न्यायचंच का?"

मी नाशिकमध्ये वीसहून जास्त वर्षं मणक्याची ऑपरेशनं करतोय. बरीचशी सी-आर्मवर (ऑपरेशनच्या टेबलाभोवती फिरणारं एक्स-रे यंत्र) केली, पुढे नॅव्हिगेशनवर (कॅमेरा आणि संगणक अवजाराचं टोक स्कॅनवर दाखवत राहतात), आणि अलीकडे रोबोटवरही. त्यामुळे यातल्या कुठल्याच पद्धतीशी माझं वैर नाही. पण "चूक होतच नाही" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते, कारण ते ऐकून घरचे लोक विचारायचे ते प्रश्न विचारायचे थांबतात. रोबोट चुकतो. कमी वेळा चुकतो आणि वेगळ्या तऱ्हेने चुकतो. ती तऱ्हा समजली की तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

आधी स्क्रू नेमका कुठून जातो ते बघा. मणक्याचं पुढचं जाड, गोल हाड आणि पाठीमागची कमान यांना जोडणारे दोन आखूड खांब असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना पेडिकल म्हणतात. या खांबाच्या पोटातून स्क्रू पुढच्या हाडात न्यायचा असतो. ही पद्धत पॅरिसच्या रॉय-कामीय यांनी १९६० च्या दशकात रुळवली आणि आज जगभर तीच चालते. खांबाच्या आतल्या बाजूला नसांची पिशवी असते. खालच्या कडेला अगदी चिकटून त्या मणक्याची नस बाहेर पडते. बाहेरच्या बाजूला स्नायू, आणि समोर मोठ्या रक्तवाहिन्या. म्हणजे आत किंवा खाली सरकलेला स्क्रू नसेला त्रास देऊ शकतो. बाहेर सरकलेला बहुतेक वेळा त्रास देत नाही, फक्त त्याची पकड कमी होते.

तुमच्या आईचा जो भाग आहे, कमरेचा चौथा-पाचवा मणका, तिथे हे खांब चांगले रुंद असतात, साधारण १२ ते १८ मिलिमीटर. आपण टाकतो तो स्क्रू बहुधा ६.५ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना जागा उरते. छातीच्या मागच्या मधल्या मणक्यांत, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत, हाच खांब बऱ्याच लोकांत ५ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पलीकडे थेट मज्जारज्जू. तिथे मिलिमीटरचाही हिशेब लागतो. रोबोट हवा की नको याचं अर्धं उत्तर मला या दोन आकड्यांतच दिसतं.

आता रोबोट करतो काय? पोटाच्या ऑपरेशनातला रोबोट टीव्हीवर पाहिला असेल, सर्जन लांब बसून हात हलवतो आणि यंत्राचे हात आत काम करतात. मणक्याचा रोबोट तसा नाही. तो एक धरून ठेवणारा हात आहे. सीटी स्कॅनवर आपण प्रत्येक स्क्रूची वाट आखतो: कुठून शिरायचं, किती तिरकं, किती लांब, किती जाड. यंत्राचा हात त्या वाटेवर येऊन एक नळी स्थिर धरतो. त्या नळीतून ड्रिल आणि स्क्रू घालण्याचं काम आज वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत सर्जनचाच हात करतो. नसा मोकळ्या करणं, चकती काढून तिच्या जागी केज, म्हणजे आधाराचा छोटा ठोकळा, बसवणं, हे सगळं सर्जनच करतो. तुमच्या आईंच्या पोटऱ्यांतले गोळे जाणार ते नसा मोकळ्या केल्यामुळे. त्या कामात रोबोटचा वाटा जवळपास शून्य आहे, आणि माहितीपत्रकात हे सहसा ठळक छापलेलं नसतं.

यातलं पहिलं मान्यता मिळालेलं यंत्र इस्रायलच्या माझोर कंपनीचं, स्पाइनअसिस्ट. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, त्याला २००४ मध्ये परवानगी दिली. शीतपेयाच्या कॅनएवढं ते यंत्र, पेशंटच्या हाडालाच बसवायचं. २०११ मध्ये त्याच कंपनीचं रेनेसाँ आलं. पुढे मोठ्या हाताची यंत्रं आली: रोझा, माझोर एक्स, ग्लोबसचं एक्सेल्सियस जीपीएस, चीनचं टीरोबोट. २०१८ मध्ये मेडट्रॉनिकने माझोर विकत घेतली आणि माझोरच्या रोबोटचा हात व मेडट्रॉनिकचा नॅव्हिगेशनचा कॅमेरा एकाच यंत्रात आले. हे सांगायचं कारण असं की "रोबोटचा अभ्यास" म्हणून जे आकडे पुढे येतात ते वेगवेगळ्या पिढ्यांच्या यंत्रांचे असतात, आणि ते एकाच पोत्यात भरून चालत नाही.

दोन अभ्यास शेजारी ठेवून दाखवतो. २०१२ मध्ये जर्मनीतल्या रिंगेल आणि सहकाऱ्यांनी ६० पेशंटांत, २९८ स्क्रूंवर, चिठ्ठी टाकून तुलना केली. हाताने, म्हणजे रोबोटशिवाय, टाकलेले ९३ टक्के स्क्रू नीट बसले, रोबोटने ८५ टक्के. रोबोट हरला. २०१९ मध्ये बीजिंगच्या हान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, २३४ पेशंट, यंत्र टीरोबोट. तिथे पूर्णपणे हाडाच्या आत बसलेले स्क्रू रोबोटकडे ९५.३ टक्के आणि हाताने ८६.१ टक्के. रोबोट जिंकला. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. जर्मनीतल्या यंत्राचा आधार कमकुवत होता, आणि नळीचं टोक हाडाच्या उतारावरून बाहेरच्या बाजूला घसरत होतं. हे त्यांनीच लिहून ठेवलं. पुढची यंत्रं त्या चुकांतून शिकली.

ते घसरणं मी स्वतः अनुभवलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. घरात टाइल्सवर खूण न करता ड्रिल लावलं तर टोक कसं नाचतं, तसंच. स्क्रू जिथून शिरतो तिथे मणक्याचा सांधा असतो आणि वय झालं की तो सुजून, वाढून टेकडीसारखा होतो. रोबोटची नळी बरोबर दिशेला असते. ड्रिलचं टोक मात्र त्या टेकडीच्या उतारावर टेकतं आणि जोर दिला की बाहेर सरकतं. यंत्राचा हात जागचा हललेला नसतो, त्यामुळे स्क्रीनवर सगळं छान दिसत राहतं. जाड स्नायूंच्या पेशंटमध्ये स्नायूच नळीला ढकलतात, तेव्हाही हेच होतं. उपाय माहीत आहेत. आधी बारीक बरने (हाड घासणाऱ्या फिरत्या टोकाने) हाडावर छोटा खळगा करायचा, ड्रिल जास्त वेगाने पण हलक्या जोराने चालवायचं, उतार फार असेल तर आखणीच थोडी बदलून शिरायची जागा सपाटीवर घ्यायची. हे हाताला कळायला लागतं. पहिल्या वीस-तीस ऑपरेशनांत ते शिकणं चालूच असतं.

दुसरी चूक जास्त शांतपणे होते. तुम्ही बागायतदार आहात, तर मांडवाचंच उदाहरण घेतो. ओळीत अँगल रोवताना तुम्ही खुंटीला दोरी बांधता आणि दोरीबरहुकूम खड्डे घेता. मध्येच कुणाचा पाय लागून खुंटी वीतभर सरकली, तर पुढचे सगळे खड्डे दोरीप्रमाणे अगदी सरळ येतील आणि तरी ओळ तिरकी जाईल. खुंटी हलली हे दोरीला कळत नाही. रोबोटची खुंटी म्हणजे पेशंटच्या कमरेच्या हाडात किंवा मणक्याच्या मागच्या काट्यावर बसवलेली खूण-फ्रेम. यंत्राला तुमची आई दिसत नाही, ती फ्रेम दिसते. फ्रेमपासून मणका किती अंतरावर आणि कुठल्या दिशेला, हे सुरुवातीला सीटी आणि एक्स-रे जुळवून एकदा ठरवतात. याला आम्ही रजिस्ट्रेशन म्हणतो. त्यानंतर फ्रेम सैल झाली, तिला धक्का लागला, हाड ठिसूळ असल्याने पिन आत हलली, किंवा फ्रेमपासून चार-पाच मणके लांब काम करताना श्वासाबरोबर मणका वर-खाली झाला, की जुळणी बिघडते. यंत्र मात्र तेवढ्याच अचूकपणे चुकीच्या जागी जातं.

काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात मी एका मोडलेल्या मणक्याचं ऑपरेशन नॅव्हिगेशनवर करत होतो. पहिले दोन स्क्रू सुरेख बसले. तिसऱ्याच्या आधी मी तपासणी केली नाही, दोन चांगले बसलेत या भरवशावर पुढे गेलो. पेशंट शुद्धीवर आला आणि डाव्या मांडीत आग होते म्हणाला. सीटीत दिसलं, तिसरा स्क्रू आतल्या भिंतीतून तीन मिलिमीटर बाहेर होता. दुसऱ्या दिवशी परत ऑपरेशन थिएटरात, ओटीत, नेऊन तो बदलला. आग काही आठवड्यांत गेली, बधिरपणा जायला मात्र सहा महिने लागले. ते सहा महिने तो माणूस दर वेळी ओपीडीत येऊन मांडीवर हात ठेवून दाखवायचा, अजून इथे कळत नाही म्हणून. मी त्याला आणि त्याच्या घरच्यांना काय चुकलं ते स्पष्ट सांगितलं होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. प्रत्येक स्क्रूच्या आधी प्रोबचं, म्हणजे चाचपायच्या सळईचं, टोक अशा हाडावर टेकवायचं जे डोळ्यांना दिसतंय, म्हणजे काट्याचं टोक किंवा सांध्याची कड, आणि मग मान वर करून स्क्रीन बघायची. हाताला हाड लागतंय आणि स्क्रीनवरही टोक हाडावरच टेकलंय, तरच पुढे. एकदा रोबोटवर काम करताना असंच टोक टेकवलं. हाताला कडक हाड. स्क्रीनवर तेच टोक हाडापासून तीन-चार मिलिमीटर दूर, स्नायूत. ओटीतल्या कुणालाच फ्रेम हललेली दिसली नव्हती. शोधलं तर रिट्रॅक्टरचा (जखम उघडी धरणाऱ्या अवजाराचा) दांडा फ्रेमवर रेलला होता. सगळं थांबवलं, पुन्हा स्कॅन, पुन्हा जुळणी. पंचवीस मिनिटं गेली, भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलंही असेल. त्या पेशंटला या पंचवीस मिनिटांची कधी खबरही लागली नाही आणि तो चौथ्या दिवशी चालत घरी गेला.

म्हणून "तुमचा रोबोट किती टक्के अचूक?" यापेक्षा मला एक प्रश्न जास्त कामाचा वाटतो: "यंत्र आणि हाड जुळतंय का हे तुम्ही ऑपरेशनमध्ये किती वेळा तपासता, आणि जुळलं नाही तर काय करता?" जो सर्जन रोज हे काम करतो तो या प्रश्नाने दुखावत नाही. तो खुर्ची पुढे ओढून नीट सांगतो.

टक्केवारीबद्दलही एक गोष्ट समजून घ्या, कारण जाहिरातीत ९८-९९ चे आकडे असतात. स्क्रू कितपत नीट बसला हे मोजायला १९९० पासून गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स यांची श्रेणी वापरतात. पूर्ण हाडात असेल तर ए. भिंतीबाहेर २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बी. ४ पर्यंत सी, ६ पर्यंत डी, त्यापुढे ई. ए आणि बी मिळून "स्वीकारार्ह" धरतात, आणि ९८-९९ चा आकडा बहुधा या दोन्हींची बेरीज असतो. बीजिंगच्या अभ्यासातही ए आणि बी मिळून रोबोटचे ९८.७ आणि हाताचे ९३.५ टक्के होते. आकडा खोटा नाही, पण तो ए चा की ए अधिक बी चा, हे विचारावं.

शिवाय हा आकडा स्क्रूमागे असतो, माणसामागे नसतो. ९५ टक्के म्हटलं की छान वाटतं. चार स्क्रूंच्या ऑपरेशनात, प्रत्येक स्क्रू स्वतंत्र धरला तर, एखादा तरी जागेवर नसण्याची शक्यता १०० त १८-१९ येते. ९९ टक्के अचूकतेला ती ४ वर उतरते. पाठीला बाक असलेल्या मुलीला वीस स्क्रू लागतात. तिथे ९५ टक्क्यांना ही शक्यता ६४ आणि ९९ टक्क्यांना १८. वीस स्क्रूंच्या मुलीला या फरकाचा किती मोठा फायदा आहे ते इथे दिसतं. तुमच्या आईंना चार स्क्रू लागतील, तेही रुंद खांबांत. आणि जागेवर नसलेला प्रत्येक स्क्रू त्रास देतो असंही नाही, बहुतेकांचा पेशंटला पत्ताही लागत नाही.

हाताने टाकलेले स्क्रू म्हणजे अंधारात बाण, असंही कुणी समजू नये. २००७ मध्ये १३० अभ्यासांतले ३७ हजारांहून जास्त स्क्रू एकत्र मोजले गेले, तेव्हा ९१ टक्क्यांच्या वर बरोबर निघाले. नॅव्हिगेशन असलेल्या गटांत मधला आकडा ९५, नसलेल्यांत ९०. यात सगळ्या तऱ्हेचे सर्जन आणि मणक्याचे सगळे भाग आले. अनुभवी माणूस खांबातून प्रोब सारतो तेव्हा हाताला सारखं कळत असतं. आतलं मऊ हाड ओल्या वाळूत सळई सारल्यासारखं लागतं आणि बाजूची भिंत आली की सळई अडते. मग बारीक गोळीच्या टोकाची तार आत घालून चार भिंती आणि तळ चाचपायचा. तळ लागला नाही किंवा एखाद्या भिंतीत तार बुडाली, तर वाट बदलायची. रोबोट वापरतानाही मी ही तार सोडत नाही. स्क्रू टाकून झाल्यावर समोरून आणि बाजूने एक्स-रे, जमल्यास ओटीतच त्रिमितीय स्कॅन. टाके घालायच्या आधी सापडलेला तिरका स्क्रू दहा मिनिटांत बदलता येतो. तोच नंतर सापडला तर पुन्हा भूल, पुन्हा ओटी, पुन्हा जंतुसंसर्गाची भीती.

नसांच्या निगराणीचं यंत्र, न्यूरोमॉनिटरिंग, मोठ्या आणि छातीच्या मणक्याच्या ऑपरेशनात मला हवंच असतं. तुमच्या आईंच्या ऑपरेशनाला ते असलं तर चांगलं, नसलं म्हणून ऑपरेशन अडत नाही.

यंत्र मध्येच बिघडलं तर? हा प्रश्न जवळजवळ सगळे विचारतात आणि याचं उत्तर सोपं आहे. वीज गेली किंवा संगणक अडला तर हात जागच्या जागी लॉक होतो, आपणहून फिरत नाही. तो बाजूला करून उरलेलं काम सी-आर्मवर करायचं. म्हणून रोबोटवर करणाऱ्या सर्जनला रोबोटशिवाय करता आलंच पाहिजे. संमतीपत्रावर "गरज पडल्यास नेहमीच्या पद्धतीने" अशी ओळ आहे का बघा, आणि डॉक्टरांना विचारा, अशी वेळ गेल्या वर्षात किती वेळा आली. एकदाही नाही असं उत्तर आलं तर मी त्यांना पुढे आणखी विचारेन. जुळणी पटली नाही म्हणून रोबोट बाजूला ठेवणं ही चांगल्या सर्जनची खूण आहे. जर्मनीच्या त्या अभ्यासातही दहा स्क्रू सर्जनांनी रोबोट सोडून हाताने टाकले होते.

किरणांचं बोलायचं तर स्क्रू टाकताना रोबोटवर एक्स-रे कमी घ्यावे लागतात हे खरं. त्याचा मोठा फायदा ओटीत रोज शिशाचा एप्रन घालून उभ्या राहणाऱ्या आम्हा लोकांना होतो, आणि मला त्याचं मोल आहे. पेशंटला मात्र आखणीसाठी सीटी जास्तीचा काढावा लागतो. ६१ व्या वर्षी एका सीटीची काळजी करू नका, पण "रोबोट म्हणजे कमी रेडिएशन" हे वाक्य आईंच्या बाबतीत जसंच्या तसं लागू होत नाही.

मग रोबोट कुठे मनापासून हवा वाटतो? पाठीचा बाक, आधी ऑपरेशन होऊन खुणा पुसल्या गेलेले मणके, छातीचे अरुंद खांब, जाड माणसात कातडीला छोटी छिद्रं पाडून टाकायचे स्क्रू, आणि मणक्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडातून (सेक्रममधून) कमरेच्या हाडात जाणारे लांब स्क्रू. अशा केसला मी स्वतः पेशंटला सांगतो, थोडं थांबा, यंत्र असेल तिथे करू. एका पातळीच्या, पहिल्यांदाच होणाऱ्या, चौथ्या-पाचव्या मणक्याच्या जोडणीला फायदा आहे, पण छोटा. एक गोष्ट रोबोटच्या बाजूने नोंदवतो: वरच्या निरोगी सांध्याला स्क्रूचं डोकं घासण्याचं प्रमाण रोबोटने कमी होतं, आणि तो सांधा जपला जाणं पुढच्या दहा वर्षांसाठी चांगलं. काळजीने करणारा सर्जन हाताने टाकतानाही तो सांधा जपतो. ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी पायाचं दुखणं किती कमी झालं, किती चालता येतं, असं विचारल्यावर रोबोटच्या आणि हाताच्या पेशंटांत आजवर ठसठशीत फरक दिसलेला नाही.

खर्च आणि विमा. रोबोटचा खर्च हॉस्पिटलागणिक बदलतो. वापरून टाकायचे भाग आणि यंत्राचं भाडं मिळून तो येतो, तेव्हा लेखी अंदाजपत्रकात तो वेगळा दाखवायला सांगा. मेडिक्लेम असेल तर हे बघा: विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत घातली, त्यामुळे कंपनी ती सरळ नाकारू शकत नाही, पण तिला वेगळी मर्यादा लावू शकते. पाच लाखांची पॉलिसी असूनही रोबोटपुरती मर्यादा कमी असू शकते. टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर भरती व्हायच्या आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको. या फरकासाठी कुणी दागिने मोडत असेल किंवा बागेवर कर्ज काढत असेल, तर मी त्यांना नाही म्हणतो. आईंच्या केसमध्ये तुम्हालाही नाही म्हणेन.

आता घाट. मुंबईच्या सर्जनबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त ऑपरेशननंतरचे दीड-दोन महिने नजरेसमोर आणा. जखमेतून पाणी यायला लागलं, तर ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं. तेव्हा पिंपळगावहून नाशिक तासाभरावर आहे. नवीन स्क्रू घेऊन कसारा उतरून मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये चार-पाच तास बसणं आईंना सोसायचं नाही, आणि मग "फोटो व्हॉट्सॅपवर पाठवा" वर भागवलं जातं. जखम फोटोवर बघू नये. हात लावून, दाबून बघावी लागते.

नाशिकच्या तुमच्या डॉक्टरांना हे विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात, स्क्रू टाकल्यावर ओटीतच कशी खात्री करतात, परत ओटीत न्यावं लागलेले पेशंट किती, आणि या वयाला हाडाची ताकद तपासली का. पहिल्या तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली तर मी माझ्या आईला तिथेच नेलं असतं.

एक ताकीद मात्र. हे सगळं विचारपूस करत बसण्यात लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलता येईना, तर रोबोट, मुंबई, अंदाजपत्रक सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री नाशिक गाठा. त्या वेळी तासांना किंमत असते.

हाडाच्या ताकदीबद्दल शेवटी लिहितो, कारण आठ महिन्यांच्या कागदांत तुम्ही ती कुठे लिहिलेली नाही. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या आपल्याकडच्या बायकांची हाडं बऱ्याचदा ठिसूळ असतात. ठिसूळ हाडात रोबोटने अगदी मधोमध टाकलेला स्क्रूही काही महिन्यांत सैल होऊ शकतो, पेरू पिकल्यावर त्यात खोचलेली काडी जशी डुगडुगते. डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजणारा) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. हाड कमी निघालं तर आधी त्यावर उपचार करून मग ऑपरेशन, किंवा स्क्रूभोवती सिमेंट, असे मार्ग आहेत. शुगर असेल तर तीन महिन्यांची, एचबीए१सी, बघून घ्या.

आणि आईंना एकट्यात, सुनेसमोर किंवा नातवांसमोर नको, विचारा की त्या मिस्री लावतात का. ओपीडीत बायका "तंबाखू खाता का" ला नाही म्हणतात, आणि ते खोटं नसतं, मिस्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. पण ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि निकोटीनमुळे मणका जुळायला अडथळा येतो. स्क्रू फक्त हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो. हाड जुळलंच नाही तर कितीही अचूक टाकलेला स्क्रू एक दिवस सैल होतो किंवा मोडतो. लावत असतील तर ऑपरेशनच्या आधी निदान सहा आठवडे आणि नंतर सहा महिने पूर्ण बंद. सकाळी दात घासायच्या वेळी आठवण येते, तेव्हा त्या डबीच्या जागी दुसरं काहीतरी ठेवा. माझ्या एका पेशंटच्या मुलीने बडीशेप ठेवली होती.